'ग्राहक नेहमीच बरोबर असतो' : एका वाक्याची किंमत

भारतातल्या बँकांत, पतपेढ्यांत आणि बऱ्याच दुकानांत गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी हमखास दिसते. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वात महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली महात्मा गांधींचे नाव. पाटीखाली बसलेला माणूस मान वरही न करता "सुट्टे द्या" म्हणतो ती गोष्ट वेगळी. काही ठिकाणी हे वाक्य गांधीजींनी १८९० साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका भाषणात उच्चारल्याचे सांगतात. आता १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते, दक्षिण आफ्रिकेत ते पोहोचले १८९३ साली. जवळजवळ हाच मजकूर १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या जगात फिरताना सापडतो. म्हणजे ज्याला आपण साबरमतीचे समजतो ते बहुधा अमेरिकन सेल्समनच्या वहीतले आहे!

मला या पाटीचे कुतूहल वेगळ्या कारणाने वाटले. माझे शिक्षण आणि काम यंत्रांच्या कंपनांशी संबंधित. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो की धक्का बसला तर तो जातो कुठे? गाडी खड्ड्यात आदळली आणि आत बसलेल्याला काही जाणवले नाही, तर धक्का नाहीसा झालेला नसतो. तो शॉक अ‍ॅब्सॉर्बरने गिळलेला असतो आणि त्यापायी तो तापलेला असतो. इथे अमेरिकेत आल्यावर दुकानांतली सौजन्यशील वागणूक पाहून आपल्याकडून आलेला प्रत्येक माणूस थक्क होतो. तसा मीही झालो. वापरलेली वस्तू परत घेऊन येणाऱ्या, आवाज चढवणाऱ्या, मॅनेजरला बोलवा म्हणून काउंटरवर बोटे आपटणाऱ्या माणसाशी समोरची मुलगी शांतपणे बोलत असते. प्रश्न तोच, की हा धक्का जातो कुठे? उत्तर शोधता शोधता मी दीडशे वर्षे मागे गेलो. सापडले ते मंडळींसमोर ठेवतो.

भांडण संपवणारा शोध : एकच भाव

आधी हे लक्षात घेऊ की शंभर-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत किंवा युरोपात दुकानदार गोडच बोलत असे असे नाही. तिथेही घासाघीस चालायची. भाव माणूस बघून ठरायचा. माल पाहायला आत शिरलात की काहीतरी घेऊनच बाहेर पडा, अशी अपेक्षा असायची. कायद्याचे तत्त्वही 'घेणाऱ्याने सांभाळून घ्यावे' असेच होते. फसलात तर तुमचे नशीब. अशा व्यवहारात दुकानदार आणि गिऱ्हाईक हे मुळात दोन पैलवान असतात, आणि पैलवानांकडून नम्रतेची अपेक्षा कोण करतो?

याला पहिला धक्का दिला धर्माने. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथ निघाला. जॉर्ज फॉक्स हा त्याचा प्रवर्तक. शेवटी आठ आण्याला द्यायची वस्तू आधी रुपयाला सांगणे म्हणजे सरळ खोटे बोलणे, असे या मंडळींचे म्हणणे. म्हणून क्वेकर दुकानदार एकच भाव सांगत. लोकांना आधी हे विचित्र वाटले, पण या दुकानात लहान पोराला पाठवले तरी तो फसत नाही हे कळल्यावर त्यांची भरभराट झाली. जगाच्या दुसऱ्या टोकाला जपानमध्ये मित्सुई घराण्याने एदो शहरात (आजचे टोकियो) १६७३ साली 'एचिगोया' हे कापडाचे दुकान काढले आणि काही वर्षांतच 'रोख पैसे, एकच भाव' असा फलक लावला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

मोठ्या प्रमाणावर हे जमवले एकोणिसाव्या शतकातल्या भव्य दुकानांनी. अलेक्झांडर स्टुअर्ट या आयर्लंडमधून आलेल्या व्यापाऱ्याने १८४६ साली न्यू यॉर्कमध्ये संगमरवरी दुकान उघडले. पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको १८५२ साली 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि पुढे ते त्याने जगप्रसिद्ध केले. ठरलेला भाव, आत शिरायला मोकळीक, पसंत नसेल तर माल परत. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरने १८६१ साली दुकान काढले आणि थोड्याच वर्षांत एकच भाव व पैसे परत ही हमी जाहिरातीत छापली. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७२ साली टपालाने माल विकायला सुरुवात केली. त्याचे गिऱ्हाईक शेकडो मैल दूर शेतावर राहणारे. त्यांनी न पाहिलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा कसा? म्हणून १८७५ साली त्याने 'समाधान, नाहीतर पैसे परत' असे आश्वासन दिले.

यात एक मुद्दा आहे. भाव चिठ्ठीवर लिहिला गेल्यामुळे विकणाऱ्याच्या हातातून भाव ठरवण्याची सत्ता गेली, पण त्याचबरोबर भांडणाचे मुख्य कारणही गेले. गिऱ्हाईक "भाव जास्त आहे" म्हणाले तर ते आता दुकानाला म्हणत होते, काउंटरवरच्या माणसाला नव्हे. आज आपण ज्याला 'प्रोफेशनल' वागणे म्हणतो, म्हणजे समोरचा चिडला तरी ते स्वतःवर न घेणे, त्याची पहिली वीट इथे बसली असे मला वाटते.

दुसरी वीट पावतीची. ओहायो राज्यातल्या डेटन गावात जेम्स रिटी नावाचा एक गुत्तेवाला होता. नोकर गल्ल्यातले पैसे लांबवतात म्हणून तो हैराण झाला होता. त्याने १८७९ साली भावासोबत गल्ल्याचे यंत्र बनवून त्याचे पेटंट घेतले, हेच पहिले कॅश रजिस्टर. पुढे जॉन पॅटरसन याने हा धंदा विकत घेऊन १८८४ साली नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी केली, आणि कालांतराने यंत्रातून छापील पावत्या येऊ लागल्या. गंमत पाहा, नोकरावर अविश्वास म्हणून जन्मलेले यंत्र पुढे नोकराचाच साक्षीदार झाले. "मी काल शंभराची नोट दिली होती" या वादाचा निकाल आता आवाजाच्या पट्टीवर लागत नव्हता, कागदावर लागत होता.

शिकागोचा शेठ

आता आपल्या वाक्याकडे येऊ. मार्शल फील्ड हा मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, १८५६ साली शिकागोत आला. तिथे पॉटर पामर नावाच्या व्यापाऱ्याने माल घरी नेऊन पाहा, नको असेल तर परत आणा, अशी सवलत बायकांना देऊन बाजारात खळबळ उडवून दिली होती. १८६५ साली फील्ड आणि त्याचा भागीदार लेव्ही लीटर यांनी पामरच्या धंद्यात प्रवेश केला. १८७१च्या प्रचंड आगीत दुकान जळाले, पुन्हा उभे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्शल फील्डचे दुकान जगातल्या सर्वात मोठ्या दुकानांत गणले जाऊ लागले. (ते नाव २००६ साली गेले. स्टेट स्ट्रीटवरच्या त्या इमारतीवर मेसीज ही पाटी लागली, तेव्हा शिकागोकर रस्त्यावर निदर्शने करत होते. दुकानाच्या नावासाठी निदर्शने!)

फील्डबद्दल एक आख्यायिका सांगतात. दुकानात फिरताना त्याला एक कर्मचारी एका बाईंशी हुज्जत घालताना दिसला. काय चालले आहे विचारल्यावर तो म्हणाला, तक्रार निकाली काढतोय. फील्ड म्हणाला, ते काही नको, बाईंना जे हवे आहे ते देऊन टाक. हा प्रसंग असाच घडला की नाही हे सोडून द्या, पण त्याचे धोरण असेच होते. 'ग्राहक नेहमीच बरोबर असतो' हे वाक्य १९०५ सालच्या वृत्तपत्रांत त्याच्याच संदर्भात आलेले दिसते. फील्डच्या दुकानात पाव शतक काम केलेला हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज हे तत्त्व घेऊन लंडनला गेला आणि १५ मार्च १९०९ रोजी त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपले दुकान उघडले. सेल्फ्रिज पूर्वी लंडनला आला असताना एका दुकानात "नुसते बघतोय" म्हणाला म्हणून त्याला हाकलून दिले होते, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. पुणेकर वाचकांना या गोष्टीत काही विशेष वाटणार नाही.

ही आख्यायिका जरा बारकाईने पाहा. "देऊन टाक" असे म्हणतो कोण? मालक. कोणाच्या पैशाने? स्वतःच्या. म्हणजे 'ग्राहक नेहमीच बरोबर' हा मुळात जमाखर्चाचा निर्णय होता. शंभरातली दोन माणसे लबाडी करतील, ती करू देत. त्यांच्याशी भांडून उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना घाबरवण्यापेक्षा दोघांचे नुकसान दुकानाच्या खात्यात लिहिणे स्वस्त. गिऱ्हाईक खरोखर बरोबर असते असे फील्डसारख्या पक्क्या हिशेबी माणसाला वाटत असेल, हे संभवत नाही. धक्का दुकानाच्या नफ्याने सोसायचा, असा तो आराखडा होता.

नॉर्डस्ट्रॉम या दुकानाची एक कथा इथे व्यवस्थापनाच्या वर्गात सांगितली जाते. १९७०च्या दशकात अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात एक गृहस्थ गाडीचे टायर परत करायला आले. नॉर्डस्ट्रॉम विकते कपडे आणि बूट. पण त्या जागी पूर्वी दुसरे दुकान होते, टायर तिथले. काउंटरवरच्या माणसाने टायर ठेवून घेतले आणि पैसे दिले. ही कथा सौजन्याची म्हणून सांगतात. मला तिच्यातला महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. त्या माणसाला पैसे देण्याचा अधिकार होता! वरिष्ठाला न विचारता निर्णय घेता येतो हे ठाऊक असलेला माणूस शांत राहू शकतो. ज्याला कसलाच अधिकार नाही त्याच्याकडे देण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे हसू.

काउंटरच्या मागे

या भव्य दुकानांत काउंटरमागे कोण उभे होते? बहुतांशी तरुण मुली. आणि 'उभे' हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. दिवसभर बसायला मनाई, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते. फ्लोअरवॉकर नावाचा एक रुबाबदार गृहस्थ कोट घालून मजल्यावर फेऱ्या मारायचा. गिऱ्हाइकांना हवे ते खाते दाखवायचे आणि मुलींवर नजर ठेवायची, ही त्याची दोन कामे. उशीर झाला की दंड. एखाद्या बाईंनी तक्रार केली तर नोकरीवर गदा.

म्हणजे मालकाने पैशाचा धक्का स्वतःच्या खात्यात घेतला, पण रागाचा, अपमानाचा, दमणुकीचा धक्का होता तो या मुलींच्या अंगावर सोडून दिला. मराठीत याला 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' म्हणतात.

हे आतून पाहायचे ठरवले अ‍ॅनी मॅरियन मॅक्लीन या बाईंनी. या मूळच्या कॅनडातल्या, शिकागो विद्यापीठात समाजशास्त्र शिकणाऱ्या. ग्राहक लीगच्या कामाला खरी माहिती हवी होती, म्हणून नाताळच्या गर्दीच्या दिवसांत त्या शिकागोच्या दोन मोठ्या दुकानांत विक्रेती म्हणून नोकरीला लागल्या आणि तो अनुभव १८९९ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी' मध्ये 'डिपार्टमेंट स्टोअर्समधले दोन आठवडे' अशा अर्थाच्या शीर्षकाने छापला. लांबलेले तास, दुखणारे पाय, तुटपुंजा पगार, जेवायला धड जागा नाही. परदेशात पीएचडी करताना आम्ही फुकटच्या पिझ्झासाठी चर्चासत्रांना जात असू. सव्वाशे वर्षांपूर्वी या बाई संशोधनासाठी काउंटरमागे उभ्या राहिल्या होत्या, हे वाचून जरा ओशाळल्यासारखेच होते.

आता ही 'ग्राहक लीग' काय होती? ती समजून घेण्यासारखी आहे, कारण ही संघटना काढली होती गिऱ्हाइकांनी. न्यू यॉर्कमध्ये १८९१ साली जोसेफिन शॉ लोवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्थापन केली. सगळ्या खात्यापित्या घरच्या बायका. त्यांचे म्हणणे असे, की आपण ज्या काउंटरसमोर उभ्या राहतो त्यामागच्या मुलीच्या हालांना आपणही जबाबदार आहोत. बहिष्कार घालणे कायद्याने अडचणीचे होते, म्हणून त्यांनी उलटा मार्ग काढला. जी दुकाने नोकरांना नीट वागवतात त्यांचीच नावे छापायची. या 'पांढऱ्या यादी'त येण्यासाठी अटी होत्या. अनुभवी स्त्रीला आठवड्याला किमान सहा डॉलर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हे तास, जेवणाची सुट्टी, बसायला जागा, आणि कर्मचाऱ्यांशी माणुसकीची वागणूक. पहिल्या यादीत सबंध न्यू यॉर्कमधली फक्त आठ दुकाने बसली.

पुढे १८९९ साली राष्ट्रीय ग्राहक लीग निघाली आणि फ्लॉरेन्स केली तिच्या प्रमुख झाल्या. त्यांनी नाताळची खरेदी लवकर उरका अशी मोहीम चालवली. आज 'लवकर खरेदी करा' ही दुकानांची जाहिरात वाटते. तेव्हा तिचा अर्थ होता की शेवटच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत या मुलींना राबवू नका. ग्राहक नेहमीच बरोबर असतो म्हणणाऱ्या काळात ग्राहकांचाच एक गट म्हणत होता, की नाही, आमचेही चुकते.

सौजन्य शिकवता येते का?

विसाव्या शतकात आणखी एक विचार रुजला. काउंटरमागचे काम हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येते. बोस्टनमध्ये १९०५ साली लुसिंडा प्रिन्स या शिक्षिकेने विक्रेत्या मुलींसाठी वर्ग सुरू केला. कापडाची जात, हिशेब, पावती नीट लिहिणे, आणि गिऱ्हाइकाशी बोलणे. आपल्याला हे किरकोळ वाटेल, पण कठीण गिऱ्हाइकासमोर शांत राहण्याचे निम्मे बळ मालाच्या ज्ञानातून येते. साडी धुतल्यावर रंग का गेला हे ज्या विक्रेत्याला ठाऊक आहे त्याला ओरडावे लागत नाही. ज्याला ठाऊक नाही तो एकतर उर्मट होतो नाहीतर लाचार.

इथल्या दुकानांत नव्या माणसाला जे शिकवतात त्याचा सांगाडा आजही फारसा बदललेला नाही. आधी पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. तक्रार आपल्या शब्दांत परत सांगा, म्हणजे समोरच्याला कळते की ऐकले गेले. काय करता येणार नाही यापेक्षा काय करता येईल ते आधी सांगा. आवाज चढला तर आपला खाली ठेवा. शिवीगाळ झाली तर वाद न घालता वरिष्ठाला बोलवा. यातली शेवटची पायरी सर्वात महत्त्वाची, आणि नेमकी तीच पुष्कळदा कागदावर राहते. वरिष्ठ येतो, गिऱ्हाइकाला पाहिजे ते देतो आणि मुलीला सर्वांदेखत खोटी पाडतो. पुढच्या वेळी ती मुलगी नियम कशाला सांगेल?

या सगळ्याला नाव मिळाले १९८३ साली. आर्ली होक्शील्ड या कॅलिफोर्नियातल्या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचे प्रशिक्षण जवळून पाहिले. संतापलेल्या प्रवाशाबद्दल असा विचार करा, की याच्या घरी काही दुःखद घडले असेल, तो घाबरला असेल, असे तिथे शिकवत. म्हणजे नुसते हसू आणायचे नाही, आतून रागच येऊ द्यायचा नाही. त्याच पुस्तकात त्यांनी थकीत रकमांची वसुली करणाऱ्यांचाही अभ्यास केला. त्यांना उलट शिकवण, की दया येऊ द्यायची नाही. पगारासाठी स्वतःच्या भावना घडवण्याच्या या कामाला त्यांनी 'भावनिक श्रम' म्हटले. हातांचे श्रम मोजता येतात, हे कोणी मोजत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तापतो तो इथे.

ग्राहक म्हणजे नेमके कोण?

या इतिहासाचे एक पान असे आहे की ते टाळून पुढे जाता येणार नाही. वूलवर्थ ही स्वस्त वस्तूंच्या दुकानांची साखळी. फ्रँक वूलवर्थने १८७९ साली ती सुरू केली, आणि पाच-दहा सेंटांच्या वस्तूंनी ती देशभर पसरली. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी डेट्रॉइटच्या वूलवर्थमध्ये शंभरावर विक्रेत्या मुलींनी काम थांबवून दुकानातच मुक्काम ठोकला. आठवडाभरात त्यांना पगारवाढ मिळाली. गिऱ्हाइकांना रोज हसून सामोऱ्या जाणाऱ्या मुली मालकाला नाही म्हणू शकतात, हे लोकांनी पाहिले.

त्याच साखळीच्या उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरातल्या दुकानात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी शिरले. आधी त्यांनी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग ते त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. तिथे फक्त गोऱ्यांना बसू देत. आम्ही इथे काळ्यांना वाढत नाही, असे उत्तर आले. त्यांनी नम्रपणे पावती दाखवली, की अहो, आत्ताच तर तुम्ही आमच्याकडून पैसे घेतलेत! ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले, दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आणि हे आंदोलन दक्षिणेतल्या अनेक शहरांत पसरले. अंगावर केचप ओतले, शिव्या दिल्या तरी शांत बसायचे, असा सराव अनेक ठिकाणी आधी केला जाई. अखेर २५ जुलै १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या काउंटरवर प्रथम कृष्णवर्णीयांना वाढण्यात आले. ज्यांना वाढले ते त्या दुकानाचेच कृष्णवर्णीय कर्मचारी होते. ज्या दुकानात ते राबत होते त्याच दुकानात त्यांना तोवर बसून जेवता येत नव्हते.

दुकानाच्या लेखी ते चार तरुण 'कठीण ग्राहक' होते. धीर, सभ्यता, आवाज न चढवणे हे सारे त्या दिवशी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला होते. काउंटरमागचे लोक नियम पाळत होते, पण नियमच नीच होता. शांत आवाजात अन्याय केला तर तो काही कमी अन्याय होत नाही.

हेडफोनमधून आलेले वाक्य

१९९०च्या दशकाच्या शेवटी हे वाक्य समुद्र ओलांडून आपल्याकडे आले ते कॉल सेंटरच्या रूपाने. पुण्या-मुंबईतली, नुकती कॉलेजमधून बाहेर पडलेली मुले रात्री जागून अमेरिकन गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकू लागली. संदीपचा 'सॅम' झाला. मी दुसऱ्या टोकाला होतो. इथल्या प्रयोगशाळेतले एरवी सज्जन सहकारी फोनवर 'भारतातल्या त्या माणसाशी' कसे बोलतात हे मी कानांनी ऐकले आहे. बिलाची चूक कंपनीची, नियम कंपनीचा, पैसे कंपनीकडे, आणि वड्याचे तेल निघते संदीपच्या वांग्यावर. फील्डच्या काउंटरवर निदान "देऊन टाक" म्हणणारा शेठ होता. इथे संदीपच्या हातात ना पैसे, ना अधिकार. होती फक्त समोरच्या पडद्यावरची वाक्ये.

आपल्याकडे दुसऱ्या बाजूनेही बदल झाला. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आता नुसती उर्मट राहिलेली नाही, बेकायदा ठरू शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे उत्तम झाले, आणि ते केवळ ग्राहकासाठी उत्तम नाही. नियम स्पष्ट असला की काउंटरवरच्या मुलालाही शेठच्या मर्जीवर आणि गिऱ्हाइकाच्या आवाजावर लोंबकळावे लागत नाही.

आणि काउंटरमागच्या माणसाचे रक्षण? ते अगदी आत्ता आत्ता सुरू झाले आहे. कोविडच्या साथीत मे २०२० मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात एका दुकानाच्या रखवालदाराला मास्क घालण्याच्या वादातून गोळी घालून मारले, तेव्हा हे काम किती धोक्याचे होऊ शकते ते सगळ्यांना दिसले. स्कॉटलंडने २०२१ साली दुकानातल्या कर्मचाऱ्यांवरील हल्ले आणि धमक्यांविरुद्ध वेगळा कायदा केला. आणि जपान, जिथे 'ग्राहक हा देव' असे वाक्य म्हणीसारखे झाले आहे, तिथे टोकियोच्या विधानसभेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम संमत केला. तो १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. त्यात दंड नाही, पण देवानेही मर्यादा पाळावी असे लेखी सांगितले गेले. जपानी वाक्याची गंमत अशी, की ते हारुओ मिनामी या गायकाचे. गाताना समोरच्या श्रोत्यांना देव मानून मन शुद्ध करून मी गातो, एवढाच त्याचा अर्थ होता. श्रोत्यांनी त्यावरून देवासारखे वागावे असे तो म्हणाला नव्हता. म्हणजे आपल्याकडे गांधीजींचे झाले तेच तिथे गायकबुवांचे झाले!

तेव्हा दीडशे वर्षांच्या या धांडोळ्यातून मला समजले ते इतकेच. कठीण गिऱ्हाइकासमोर शांत राहणे हा स्वभावाचा गुण कमी आणि व्यवस्थेचा गुण जास्त आहे. ठरलेला भाव, हातात पावती, लिहिलेला नियम, थोडा अधिकार, मालाचे ज्ञान, पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ आणि बसायला एक खुर्ची, एवढे दिले की साधा माणूसही सभ्य राहतो. हे काही न देता नुसते हसू मागितले, तर मिळते ते सौजन्य नव्हे, लाचारी. आणि ती कधीतरी कुठेतरी फुटतेच, बहुधा घरी.

आपल्याकडे मॉल आले, दारात पार्सल घेऊन येणारी मुले आली, त्यांना तारे देण्याची सोय आली. बोटाच्या एका टिचकीने आपण कोणाच्या तरी पगारावर शेरा मारतो. मार्शल फील्डच्या काळातल्या बाईंना निदान फ्लोअरवॉकरला शोधून तक्रार करावी लागे. पुढच्या वेळी पार्सल वीस मिनिटे उशिरा आले तर तारा कापण्याआधी एवढे जरूर विचारा, की हा खड्डा रस्त्यात कोणी ठेवला, आणि धक्का कोण खातो आहे.

तूर्तास इतकेच.